डावीकडे निघालेली होडी

भावजी, होडी तुम्ही उजवीकडंच काढली होती. उलटी केली ती मी. एवढं एक वाक्य तुमच्या तोंडावर म्हणायला देवानं मला पंचावन्न वर्षं दिली होती. आणि मी ते म्हणतेय कधी, तर तुमचं तेरावं उरकून पाचव्या दिवशी, दुपारची भांडी आवरल्यावर, नातीच्या वहीतली कोरी पानं फाडून. तुम्ही असता तर म्हणाला असता, "वैनी, यष्टी गेल्यावर हात करायची तुमची सवय जुनीच हाय."

चूक कशी झाली तीही ऐका, कारण तुम्ही कधी नीट विचारलीच नाहीत. मी एकवीस वर्षांची होते. माहेर वाईचं, शिक्षण मॅट्रिक पास आणि शाळेत भरतकामात पहिली. त्या पहिल्या नंबराचा मला इतका माज, की सासरी आल्या आल्या मी उशीच्या अभ्र्यांवर मोर बसवले, आत्याबाईंच्या भाकरीच्या फडक्यावर गुलाब बसवला, आणि तुमच्या बनियनच्या खांद्यावर जास्वंद काढणार होते तेवढ्यात तुम्ही ते ओढून घेऊन पळालात. अशा बाईच्या हातात तुम्ही गावाच्या शिक्क्याचं रंगीत चित्र दिलंत. म्हणालात, "वैनी, ह्याच्यावरनं पडद्यावर भरा. नगरपालिकेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला टांगायचाय. पन कागद जपा. दुसरा न्हाई."

शहाण्या बाईनं आधी पातळ कागदावर छाप उतरवून घेतली असती. मी शहाणी नव्हते, पहिली आलेली होते. मी तुमच्या मूळ चित्रालाच रेघांवरून सुईनं भोकं पाडली. हजारभर तरी असतील. मग रॉकेलमध्ये नीळ कालवली आणि कापसाचा बोळा बुडवला. कागद कापडावर ठेवायचा आणि बोळा फिरवायचा, म्हणजे भोकांतून निळे ठिपके कापडावर उतरतात. आणि ऐन वेळी मला जपणूक आठवली. वरून बोळा फिरवला तर तुमच्या रंगांवर निळीचे डाग पडतील म्हणून मी कागद उचलून पालथा घातला. चित्र जपायला. कागद पालथा घातला की डावं उजवीकडं जातं, हे त्या मॅट्रिक पास बाईला कळलं नाही. रोज दोन वेळा आरशात बघून कुंकू लावणाऱ्या बाईला कळलं नाही. एवढं करून रॉकेल आरपार गेलं आणि तुमचे रंगही फुटले, ते वेगळंच.

आजकालच्या मुलांना वाटतं, गावाचा शिक्का म्हणजे दगड-धोंड्यांसारखा पहिल्यापासून इथं होता. सरकारी कागदात त्याला बोधचिन्ह म्हणतात. तो कसा जमला हे आता तुमच्यामागं मलाच माहीत आहे. तुम्ही सांगलीला बोर्ड रंगवायला शिकून नुकतेच परत आला होता. ट्रकांच्या मागं फुलं काढत होता, दुकानांची नावं लिहीत होता. नगरपालिकेनं तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही रोज संध्याकाळी घरी येऊन मीटिंगची नक्कल करून दाखवायचात. कुणाला सिंह हवा होता. तुम्ही म्हणालात, आपल्या गावात सिंह कुणी बघितलाय? फौजेतून पेन्शनवर आलेल्यांना दोन तलवारी हव्या होत्या. उसाच्या बागायतदारांना ऊस हवा होता, पेठेतल्या जैन व्यापाऱ्यांना हळद. तुम्ही सगळ्यांचं ऐकून घेतलंत आणि मधोमध आपल्या पडक्या गढीचा बुरूज ठेवलात. बुरुजाला बंदुकीचं एक भोक ठेवलंत, म्हणालात, "फौजवाल्यांनी ह्यातनं बगावं." एका बाजूला उसाचं कांडं, दुसऱ्या बाजूला हळदीचं पान. खाली तीन सारख्या लाटा. आणि लाटांवर होडी, कारण पूल होईपर्यंत सगळं गाव होडीनंच जगलं होतं.

लाटांत तुम्ही दोन मासे काढले होते. पेठेतले एक वयस्क जैन सभासद चष्मा पुसत म्हणाले, "पेंटर, चित्र झकास हाय. पन मासा बगून बगनाऱ्याच्या तोंडाला पानी सुटंल, त्ये काय बरं दिसंल का?" तुम्ही तिथल्या तिथं मासे पुसलेत. घरी येऊन मला म्हणालात, "मासं हायत की वैनी. लाटंच्या खाली. दिसत न्हाईत एवढंच." मी हसून हसून भाकरी करपवली होती.

होडी मात्र तुमची स्वतःची होती. ती कुणी मागितली नव्हती. आपल्या घाटावर उभं राहिलं की पाणी डावीकडून येतं आणि उजवीकडं सांगलीला जातं. म्हणून होडीचं तोंड उजवीकडं. वरच्या अंगानं गावाकडं येणारी होडी. मागं नावाडी बसलेला, नखाएवढा. मी विचारलं, "ह्यात माल काय आहे?" तुम्ही म्हणालात, "वरनं काय येतं आमच्याकडं? पानी येतं, गाळ येतो, आन् एक वैनी आलीया वाईस्नं." म्हणजे ती होडी थोडी माझी पण होती. तीच मी फिरवली.

त्या दिवसांत माझ्या डोक्यात माहेराशिवाय दुसरं काही नव्हतं, हे लपवून उपयोग नाही. पंचमीला पाठवलं नाही, दिवाळीला पाठवलं नाही. तुमचे बंधू सरहद्दीवर, आत्याबाईंचा हात मोडलेला, घरात बाईमाणूस मी एकटी. त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. पण एकवीस वर्षांच्या पोरीला बरोबर-चूक काय कळतंय. मी साखळी टाका घालायचे आणि वाईचा घाट आठवायचे. गहू टाका घालायचे आणि आईचा आवाज आठवायचे. आत्याबाई म्हणाल्या होत्या, "पडद्याचं काम हुंदे, मग बगू." म्हणून मी तो पडदा वीस दिवसांत भरला. नावाड्याला तर फक्त पाच टाके. त्या पाच टाक्यांत त्याचं तोंड कुणीकडं आहे हे मी बघितलं नव्हतं का? भावजी, हा प्रश्न तुम्ही मला कधी विचारला नाहीत, आज मी मलाच विचारते. खरं सांगते, आठवत नाही. चूकच होती. पण चुकीला पण कुठून तरी वाट मिळत असेल.

भरून झाल्यावर निळीचे ठिपके आणि रॉकेलचा वास जावा म्हणून पडदा धुतला आणि परड्यात दोरीवर टाकला. उद्घाटन दुसऱ्या दिवशी होतं. तुम्ही दुपारी आलात, हातपाय धुवायला परड्यात गेलात आणि तिथंच बराच वेळ उभे राहिलात. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला वाटलं, माझे टाके बघून माणूस थक्क झालाय. मी ताठ होऊन पदर नीट केला. तुम्ही आत येऊन फक्त म्हणालात, "लय ग्वाड भरलंय, वैनी." आणि चहा मागितलात.

दुसऱ्या दिवसाचं तुम्हाला सांगायला नको, पण मला माझ्यासाठी सांगायचंय. मांडवात बायका एका बाजूला होत्या. व्यासपीठामागं पडदा झळकत होता. हेडमास्तरांच्या हातात तुम्ही लिहून दिलेला कागद होता. त्यांनी घसा साफ करून वाचायला सुरुवात केली. बुरूज म्हणजे पराक्रम, ऊस म्हणजे कष्ट, हळद म्हणजे मांगल्य. बायकांनी माना डोलावल्या. मग ते वाचू लागले, "आणि उजवीकडे तोंड केलेली, वरच्या अंगाने आपल्या गावाकडे येणारी ही होडी म्हणजे..." सगळ्या मांडवानं होडीकडं बघितलं. हेडमास्तरांनीही वळून बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आवं मास्तर, होडी तर आल्या पावली माघारी निगाली की!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "पेंटरला डावं-उजवं कळंना व्हय रं?"

तुम्ही उठलात. म्हणालात, "माजी चूक झाली, मास्तर. उलटी पडली."

मी उठले नाही. पदर दातात धरून बसले. त्या हशात माझ्या शेजारची बाई इतकी हसत होती की तिचा धक्का मला लागत होता, आणि मी तिच्याबरोबर थोडीशी हसलेसुद्धा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

हेडमास्तर मात्र मोठा माणूस. त्यांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "चूक कसली? ही होडी प्रवाहाच्या विरुद्ध निघालेली आहे. आपलं गाव असंच आहे." टाळ्या पडल्या. तेव्हापासून तो शिक्क्याचा अर्थ झाला. तुमचं चित्र मी बिघडवलेलं, त्यामुळं पडद्यावरूनच लाकडी ठसा निघाला, ठशावरून कमानीवर, कमानीवरून पाण्याच्या टाकीवर. शाळेत निबंध आला. माझ्या नातीनं तो पाठ करून माझ्यासमोर म्हटला, "आमच्या शहराची होडी आम्हाला प्रवाहाविरुद्ध जाण्याची शिकवण देते." मी तिला शाबासकी दिली. दुसरं काय देणार? एका पोरीच्या माहेरच्या ओढीवर आणि एका पालथ्या कागदावर एवढं मोठं शिक्षण उभं राहिलेलं.

पण अर्थाला टाळ्या मिळाल्या आणि तुम्हाला नाव पडलं. 'उलटा पेंटर.' ते पुसलं नाही.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आत्याबाईंना म्हणालात, "आई, वैनीला वाईला सोडून येतो. पडद्याचं काम झालं. आता जाऊंदे तिला." आत्याबाई तुमच्याकडं बघत राहिल्या आणि हो म्हणाल्या. मी एवढी खूश, की तुम्ही का येताय याचा विचारच केला नाही. नंतर मनात आलं, लाजेनं गावाबाहेर पडायचं असेल. यष्टीत तुम्ही कराडपर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसलात, तेव्हा तर खात्रीच झाली. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना तुम्ही माझ्या आईसाठी कंदी पेढे घेतलेत. वाई जवळ आली, खिडकीतून नदी दिसली, तेव्हा कुठं तोंड उघडलंत.

"वैनी, हितं नदी लय बारीक हाय की."

"इथूनच जाते तुमच्याकडं. वाटेत मोठी होते."

"म्हंजे तुमच्यागतच. आला तवा आवाजबी फुटत न्हवता. आता बगा."

मी पेढ्याचा पुडा तुमच्या गुडघ्यावर आपटला. त्या क्षणी सांगायला हवं होतं. पुडा आपटण्यापेक्षा ते सोपं होतं.

महिन्यानं मी परत आले आणि तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत, "वैनी, कागद कुठाय?"

आता माझा खरा गुन्हा. चूक एका बोळ्याची होती, गुन्हा पंचावन्न वर्षांचा. मी म्हणाले, "चुलीत गेला."

"आन् होडी?"

"तुम्ही काढली तशी भरली."

"मी डावीकडं काढलीती?"

"डावीकडं."

तुम्ही माझ्याकडं टक लावून बघितलंत. माझा चेहरा हलला नाही. मग तुम्ही मोठ्यांदा हसलात. "वैनी, तुमी वकील व्हायला पायजे हुता."

आणि तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते कधी संपलं नाही. दर दिवाळीला फराळाला आलात की चकली मोडता मोडता तुमचा प्रश्न ठरलेला, "काय वैनी, चुलीतनं कागद भाईर आला का?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "राख पाठवू का?" तुमचे बंधू सुट्टीवर आले तेव्हा आपण दोघांनी त्यांना न्यायाधीश केलं. त्यांनी दोघांचं ऐकलं आणि म्हणाले, "ह्याच्यापरीस सरहद्द बरी." तुमचं लग्न झालं, कडेगावची सुमन माझी धाकटी जाऊ झाली, तिला मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की तुझ्या नवऱ्याला डावं-उजवं कळत नाही, भाजी वाढताना सांभाळ. ती नुसती हसली. तुम्ही दुकानाच्या पाटीवर स्वतःच 'उलटा पेंटर' लिहिलंत आणि शेजारी डावीकडं निघालेली होडी काढलीत. लोक म्हणाले, माणूस दिलदार आहे. मी म्हणाले, माझी जिरवतोय. फ्लेक्सचे बोर्ड आले, तुमचे ब्रश रॉकेलच्या डब्यात उभेच राहिले, पण ती पाटी तुम्ही उतरवली नाहीत.

कागद चुलीत गेला नव्हता, भावजी. तो माझ्या ट्रंकेत होता. लग्नाच्या शालूच्या घडीत. दर उन्हाळ्यात शालूला ऊन दाखवायला मी ट्रंक उघडायचे आणि कागद काढून मांडीवर घ्यायचे. रॉकेलचा वास कधीच गेला होता. रंग फुटलेले, बुरूज निळा-तपकिरी झालेला. होडी मात्र स्पष्ट. उजवीकडं. दर वर्षी म्हणायचे, या दिवाळीला तुमच्यासमोर टाकते. दर दिवाळीला तुम्ही विचारायचात, आणि माझ्या तोंडातून राखच बाहेर पडायची. भांडण इतकं गोड होतं की ते संपवायचा जीवच झाला नाही. आणि खरं सांगायचं तर, इतकी वर्षं झाल्यावर कबूल करायचं म्हणजे चुकीपेक्षा लपवल्याची लाज मोठी झालेली.

मग ते नवीन पत्रक आलं. नगरपालिकेला शिक्का कॉम्प्युटरवर नव्यानं काढून घ्यायचा होता, कमानीवर पितळेची नवी पाटी लावायची होती. पाटीवर शिक्क्याचा इतिहास. नातीनं मोबाईलवर वाचून दाखवला. तुमच्या खाटेजवळच बसून वाचला तिनं, आठवतंय ना? त्यात एक ओळ होती, "मूळ चित्रकाराकडून झालेली चूक दुरुस्त करून होडीची दिशा योग्य करण्यात येत आहे." तुम्ही म्हणालात, "वा! पितळंत नाव येनार माजं. चुकीसकट." आणि हसलात.

मग सुमन आणि नात चहा करायला आत गेल्या. तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. एकदम वेगळ्याच आवाजात म्हणालात, "वैनी, खरं सांगा. मी उजवीकडंच काढलीती न्हवं? आता माजं मलाच आठवंना झालंय."

मी त्या आवाजाकडं लक्ष द्यायला हवं होतं. पण पंचावन्न वर्षांची सवय, जीभ आपसूक वळली. मी म्हणाले, "डावीकडं. किती वेळा सांगू?"

तुम्ही हसलात, ठसका लागला, मी पाणी दिलं. तुम्ही म्हणालात, "बरं. डावीकडं तर डावीकडं."

तो रविवार होता. गुरुवारी तुम्ही गेलात. लोकांना मी सांगेन, पुढच्या रविवारी कागद घेऊन जाणारच होते. तुम्हाला काय खोटं सांगू? ठरवलं नव्हतं. तुम्ही गेल्यावर वाटलं की ठरवायला हवं होतं.

नगरपालिकेच्या वैकुंठरथातून तुम्हाला नेलं. त्याच्या दारावरही शिक्का आहे. बुरूज, ऊस, हळद, तीन लाटा आणि माझी होडी. गाडी घाटाकडं वळली तेव्हा दाराचा रंग उन्हात चमकला आणि मला दिसलं, होडीचं तोंड मागं, वरच्या अंगाला, आणि तुम्ही पुढं चाललाय. मला तिथंच रस्त्यात हसू आलं, भावजी. बायकांना वाटलं हुंदका आहे. हुंदकापण होता.

तेरा दिवस मला एकच वाक्य टोचत होतं. तुमच्या जाण्याचं दुःख मोठं आहे, पण ते माझ्या वयाला ओळखीचं आहे. तुमच्या आधी तुमचे बंधू गेले, ते दुःख मी पचवलंय. पण पितळेच्या पाटीवर कोरलेलं 'मूळ चित्रकाराकडून झालेली चूक' मी मेल्यावरही राहणार होतं. नातीच्या पोरांनी ते वाचलं असतं. आणि ज्याला माहीत होतं की ते खोटं आहे, त्याला मी शेवटच्या रविवारी "डावीकडं" म्हणून गप्प बसवलेलं. तुम्ही जाताना खरंच मनात घेऊन गेलात का, की आपल्याच हातून उलटी पडली? ही शंका मला जेवू देईना.

म्हणून काल तुमच्या शोकसभेला मी ट्रंक उघडून गेले. त्याच, आता जुन्या झालेल्या इमारतीचं सभागृह. व्यासपीठामागं काचेच्या चौकटीत तोच पडदा, पिवळट पडलेला. सगळे तुमच्याविषयी चांगलं बोलत होते. एक जण म्हणाला, चूक झाली तरी मान्य करण्याचा मोठेपणा त्यांच्यात होता. तेव्हा मी उठले. गुडघ्यांनी वेळ घेतला, पण उठले. एकविसाव्या वर्षी उठले नव्हते म्हणून.

मी म्हणाले, "चूक त्यांची नव्हती. चूक माझी. हा बघा कागद." आणि पिशवीतून कागद काढला. खिडकीतून ऊन येत होतं. मी कागद उन्हासमोर धरला. भावजी, तुम्ही बघायला हवं होतं. सगळ्या भोकांतून उजेड आला. बुरूज उजेडाचा, लाटा उजेडाच्या, नावाडी उजेडाचा. मी कागद सुलटा धरला, होडी गावाकडं येत होती. पालथा धरला, होडी निघाली. पुन्हा सुलटा, पुन्हा पालथा. मग म्हणाले, "सुलटा काढला त्यांनी. पालथा घातला मी. पाटीवर ते वाक्य येता कामा नये. यायचंच असेल तर माझं नाव घाला."

मागून एक म्हातारा म्हणाला, "आक्का, पन मग पंचावन वर्सं गप कशा ऱ्हायला वो?"

"तुम्ही हसत होता म्हणून," मी म्हणाले. तो बहुतेक तेव्हा ओरडणाऱ्यांतलाच होता. त्यानं मान खाली घातली आणि मग हसलाच.

मुख्याधिकारी तरुण आहेत. उठून उभे राहिले, म्हणाले, "आजी, ते वाक्य काढतो. आजच काढतो." मग म्हणाले, "पण मग होडी फिरवायची का नाही?"

"ते मला विचारू नका," मी म्हणाले. "मी एकदा फिरवलीय."

सगळं सभागृह हसलं. तेव्हासारखंच, त्याच पडद्यापुढं, पण या वेळी मी उभी होते, आणि हसू माझ्यावर होतं. तुमच्या वाटणीचं मी घेतलं. उशीर झाला, पण घेतलं.

कागद मी मुख्याधिकाऱ्यांना दिला नाही. त्यांनी मागितला, चौकटीत लावू म्हणाले. मी म्हणाले, आधी घरच्या माणसाला दाखवायचा आहे. सुमन सभेत पहिल्या रांगेत होती, सगळं ऐकत. एकदाही वळून बघितलं नव्हतं तिनं. मला भीती वाटत होती ती तिचीच. ज्या नावानं तिच्या नवऱ्याला गावानं जन्मभर हाक मारली, ते माझ्यामुळं पडलेलं, आणि मी तिलाच पहिल्या आठवड्यात डावं-उजवं सांगितलेलं.

सभा संपली. आम्ही दोघी बाहेर पायऱ्यांवर बसलो, कारण चपला घालायला आता दोघींनाही बसावं लागतं. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो उघडला, हातानं सरळ केला, होडीवरून बोट फिरवलं. मी म्हणाले, "सुमन, मला माफ कर बाई. शेवटी विचारलं तेव्हा पण मी खोटंच बोलले. त्यांना कळलंच नाही की त्यांची चूक नव्हती."

सुमननं कागदाची घडी घातली, जुन्या घडीवरूनच, आणि माझ्या हातात परत दिली. म्हणाली,

"आक्का, तुमी उगंच जिवाला लावून घेतलं. त्यांनी आदल्या दिशीच बगितली हुती होडी, पडदा परड्यात दोरीवर वाळत हुता तवा. लगीन झाल्यावर मला सांगितलं, आन् तुमाला कळू द्यायचं न्हाई म्हनून शपत घातली. म्हनलं, सुमे, उसवायला येळ हुता गं, सुईदोराबी घरातच हुता. पन होडीचं तोंड म्हायाराकडं बगितलं, आन् माजा हातच उचलंना."